भिंतीवरच्या थापट्या

आधी बशी खाली ठेवा. हो, ठेवाच! गेल्या खेपेला हाच किस्सा ऐकताना आमच्या नानाला ठसका लागला आणि चहा थेट माझ्या धोतरावर. गाढवपणाची गोष्ट आहे. गाढव कोण, ते तुम्हाला लगेच कळेल. नाही कळलं तर आमच्या हिला विचारा. ती आत सुपारी कातरत बसली आहे, पण कान इकडेच आहेत. मी काही गाळलं तर आतूनच ओरडेल.

तर मंडळी, मी तीस वर्षं मुंबईत एका साहेबाच्या कचेरीत दप्तरखात्यात होतो. कुठला कागद कुठल्या फडताळात, डोळे मिटून सांगायचो. घरी दिवेआगरला यायचं ते शिमग्याला आणि गणपतीला. बाकी घर, वाडी, नारळ-सुपारी, गाईगुरं, लेकीचं लग्न, सगळं हिनं एकटीनं निभावलं. आणि पेन्शन घेऊन कायमचा घरी आलो तेव्हा कळलं, की या घरात मला कामच नाही!

"मी काय करू गं?" असं विचारलं की ही म्हणायची, "बसा ना झोपाळ्यावर."

"काल बसलो होतो."

"मग आज पडा."

वर्षभर मी आलटून पालटून बसलो आणि पडलो. तुम्ही हसताय, पण मला ते फार लागायचं. ज्याच्यावाचून साहेबाचं पान हलत नसे, त्याला स्वतःच्या घरात कुणी साधी वाटी आणायला सांगू नये?

गेल्या वैशाखात आमच्या लेकीचं, कुसुमचं, तिसरं बाळंतपण निघालं. ती मुरुडला असते. सासरी करणारं कुणी नाही, म्हणून हीच निघाली. दिघीला होडीत बसताना तिनं मला शेवटचं काय सांगितलं असेल? प्रकृतीला जपा? छे!

"कोठीच्या खोलीत जाऊ नका. तांदूळ, डाळ, पोहे, सगळं बाहेर काढून ठेवलंय. कोठीत जाऊ नका हो!"

"का बरं?"

"तुम्हाला तिथलं काही सापडायचं नाही."

दप्तरखात्यातल्या माणसाला हे ऐकवायचं! होडी आगरदांड्याच्या धक्क्याला लागली नसेल, तोवर माझा निश्चय झाला होता. ही येईपर्यंत कोठी अशी लावायची, की बाईनं तोंडात बोट घालावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोठीत शिरलो. काय सांगू तिथला अंधार आणि पसारा! रॉकेलच्या डब्यात वाल. बिस्किटाच्या डब्यात आमसुलं. तुपाच्या बरणीत तूप सोडून सगळं. हळदीच्या गाठोड्यात लपवलेलं आणखी एक गाठोडं, त्यात जायफळं आणि माझंच एक जुनं पत्र. फणसाच्या आठळ्या, सांडग्यांची मडकी, मिठाचे रांजण, गुळाच्या ढेपा. तीस वर्षं हे खातं कुणी तपासलंच नव्हतं!

सगळं अंगणात काढलं. डबे घासले, उन्हात वाळवले. कागदाच्या चिठ्ठ्या कापल्या, तांदळाच्या पिठाची खळ शिजवली आणि वर्गवारी सुरू केली. 'अ' म्हणजे रोजचं. 'ब' म्हणजे सणावारचं. आणि 'क' म्हणजे ज्याचा मला बोध होईना ते. त्याच्या चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात लिहिलं, "उपयोग ठाऊक नाही. टाकून द्यावे."

खळीच्या वासानं मुंग्या आल्या, हे खरं. पण चिठ्ठ्या काय सुरेख दिसत होत्या!

आता मुख्य मुद्दा. कोठीच्या आतल्या भिंतीवर, स्वयंपाकघराचा धूर जिथे येतो तिथे, शेणाच्या तीसचाळीस थापट्या चिकटवलेल्या होत्या. धुरानं काळ्या झालेल्या, वाळून खडंग. एकीत हिरव्या बांगडीचा तुकडा, एकीत शिंपला. मी विचार केला, हे काय असेल बुवा? आणि माझ्या तल्लख डोक्यानं उत्तर दिलं. उंदरांची बिळं! हिनं बिळं बुजवली शेणानं, आणि उंदरांनी पुन्हा उकरू नये म्हणून त्यात काच आणि शिंपले घातले!

तुम्हीच सांगा, पटण्यासारखं आहे की नाही? मला तर इतकं पटलं की बायकोच्या हुशारीचं कौतुक वाटलं.

खुरपं घेतलं आणि खराखरा सगळ्या थापट्या खरवडून काढल्या. टोपलीभर भुगा निघाला. टोपली घेऊन परसात निघालो, तर आमची गोदी आडवी आली. गोदी म्हणजे आमच्या वाडीत शिंपणं करणारी, गोठा बघणारी बाई. वीस वर्षं आमच्याकडे आहे, आणि माझ्यापेक्षा तिलाच या घराची जास्त माहिती.

"अप्पा, ह्ये काय टाकताव?"

"कचरा."

"पन अप्पा, त्यात तं..."

"गोदे, काम चाललं असताना मला प्रश्न विचारायचे नाहीत! साहेबसुद्धा विचारत नसे."

"न्हाय इचारत," ती म्हणाली आणि गोठ्याकडे गेली.

मी टोपली न्हाणीच्या मागे केळीच्या बुंध्याशी रिकामी केली. तिथे आंघोळीचं पाणी जातं, चिखलात शेण विरून जाईल म्हणून. मग भिंतीला चुना दिला. कोठी अशी झळकू लागली की मी दिवसातून चार वेळा नुसती बघायला जात होतो.

आठदहा दिवस गेले. एका दुपारी शेजारच्या यमुनाकाकू आल्या.

"अप्पा, वहिनी जाताना सांगून गेल्यात, पडवळाचं बी घेऊन जा म्हणून. एक थापटी द्या बघू काढून. हिरव्या बांगडीची."

"कसली थापटी?"

"अहो, कोठीतल्या भिंतीवरची! शेणात बी थापून ठेवतात ना वहिनी? धुरात कीड लागत नाही. बांगडीची ती पडवळाची, शिंपल्याची तवशाची, म्हणजे मोठ्या काकडीची, कोरी ती दोडक्याची. अख्खी आळी त्यांच्याकडूनच नेते. दुसऱ्या कुणाचं पडवळ तसं धरतच नाही."

मी झोपाळ्याची कडी घट्ट धरली.

"आणि ते बी काही साधं नाही हो," काकू सांगतच होत्या. "त्यांच्या आईनं लग्नात ओटीत घातलेलं. आता माहेरी कोण राहिलंय? घरसुद्धा उभं नाही. वहिनी म्हणतात, माझं माहेर भिंतीवर आहे."

मंडळी, कोठीची ती पांढरीशुभ्र भिंत माझ्या डोळ्यांपुढे आली. मी हिचं माहेर खुरप्यानं खरवडलं होतं.

"पुढच्या आठवड्यात देतो," म्हणून काकूंना वाटेला लावलं आणि न्हाणीमागे धावलो. चिखलात गुडघे टेकून दोन्ही हातांनी उपसलं. शेण केव्हाच विरलं होतं. हाती काय लागलं? बांगडीचे तीन तुकडे, सात शिंपले आणि एक गांडूळ. मध्ये कसलं तरी गवत उगवत होतं, ते आड येत होतं म्हणून रागारागानं चार मुठी उपटून फेकून दिलं. गोदी दुरून बघत होती.

"हे सगळं गवत काढून टाक!" मी तिच्यावर खेकसलो.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? बायकोला पत्र लिहून सगळं कबूल केलं असतं. मी काय केलं? बनावट दस्तऐवज!

"गोदे, पाटीभर ताजं शेण आण."

"शेन? तुमाला कशाला व्हया?"

"औषधाला."

तिनं मला खालून वरपर्यंत न्याहाळलं आणि शेण आणून दिलं.

पण बी कुठून आणणार? पडवळाचं बी कसं दिसतं, हे मला कुठे ठाऊक होतं? पडवळ मी पाहिलेलं ते ताटातच. दिवस कलिंगडाचे होते. म्हटलं, बी ते बी. चार दिवसांत नऊ कलिंगडं खाल्ली! तिसऱ्या दिवशी पोटानं संप पुकारला, तरी माघार घेतली नाही. मग धोतराचा काचा मारून ओसरीवर शेण मळायला बसलो. तीस वर्षं साहेबाच्या टेबलावर टाचण्या लावणारे हे हात! पहिल्या थापट्या भिंतीवरून पडल्या. एक माझ्याच डोक्यावर पडली. संध्याकाळपर्यंत चाळीस थापट्या ओळीत बसल्या. आधीच्या वेड्यावाकड्या होत्या, माझ्या मात्र दहा-दहाच्या चार रांगा. बांगडीचे तुकडे कमी पडले, तेव्हा हिची एक जुनी बांगडी फोडून घातली.

धुरावर थापट्या वाळल्या तशी यमुनाकाकू एक घेऊन गेल्या. त्यांच्या मागून आणखी पाच घरं आली. मी सगळ्यांना उदार हातानं वाटलं, आणि सवय वाईट, प्रत्येकाकडून वहीत पोच लिहून घेतली.

आणि मंडळी, त्यानंतरचा महिना! समोरून कुणी आलं की वाटायचं, आता विचारणार. जेवण जाईना. हिचं पत्र आलं, नात झाली म्हणून. आनंद झाला, पण खाली लिहिलं होतं, "पावसाआधी येते. वेल लावायचे आहेत." ते वाचून मी पत्र उशीखाली दडवलं. खोटं कशाला सांगू, तिच्या रागाची भीती नव्हती. ती रागावली नाही तर काय, याची भीती होती.

शेवटी ही आली. पाय धुवायच्या आधी कोठीत गेली. चिठ्ठ्या बघितल्या. 'अ' बघितलं, 'ब' बघितलं. मग भिंतीसमोर उभी राहिली. चार रांगा, मधल्या सहा जागा रिकाम्या. एक थापटी काढली, मोडली, बी बोटांत धरलं.

"अहो, हे कलिंगडाचं बी."

मी सगळं सांगितलं. उंदीर, खुरपं, नऊ कलिंगडं, सगळं. थापटीचा तुकडा हातात घेऊन ती पाटावर बसली, आणि मग हळूच म्हणाली, "आईच्या हातचं होतं हो ते."

एवढंच. मला खरंच रडू आलं. पंचावन्न ओलांडलेला माणूस मी, चुन्याच्या भिंतीकडे तोंड करून रडलो.

ती उठली आणि पाय धुवायला न्हाणीकडे गेली. आणि एकदम हाक आली, "अहो! इकडे या! लवकर या!"

मला वाटलं, घसरून पडली. धावत गेलो. ही न्हाणीमागे उभी. केळीवर वेल, न्हाणीच्या झावळ्यांवर वेल, माझं धोतर वाळत घालायच्या दोरीवर वेल! रोज सकाळी मी तिथे आंघोळ करत होतो. पण डोळा कधी वर केला असेल तर शपथ. ही एकेका पानाला हात लावत होती.

"हे तवसं. हा दोडका. आणि हे... अहो, हे पडवळ! बघा, कळी धरलीय!"

मला पडवळ कुठलं आणि दोडका कुठला, कळेना. पण तिचा चेहरा कळत होता. जीव भांड्यात पडला म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. मी तिथेच चिखलात बसकण मारली.

गोदी काठ्या घेऊन मागे उभी होती. वेलांना आधार तिनंच दिला होता, शेणखतही तिनंच घातलं होतं.

"गोदे! तुला ठाऊक होतं?"

"व्हय तर. टोपलीतच बी दिसला मना."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमीच बोल्लाव ना, इचारायचं न्हाय!"

ही जी हसायला लागली, ती खांब धरून हसली. मग माझ्या हातात पोचेची वही दिली.

"आता जा. सहाही घरी जाऊन सांगून या. पेरायला अजून वेळ आहे."

गेलो. पाच घरांतून थापट्या परत मिळाल्या. यमुनाकाकूंनी मात्र घाई करून आधीच पेरलं होतं आणि मांडवही घातला होता.

"बरं झालं आलात अप्पा," त्या म्हणाल्या. "हे पडवळ वर चढायलाच तयार नाही. जमिनीवरच लोळतंय मेलं!"

दुसऱ्या दिवशी कोठी पहिल्यासारखी झाली. रॉकेलच्या डब्यात वाल, बिस्किटाच्या डब्यात आमसुलं, जायफळांच्या गाठोड्यात पुन्हा माझं पत्र. माझ्या चिठ्ठ्या एकूण एक निघाल्या. मी गुपचूप झोपाळ्यावर जाऊन पडलो. डोळा लागतो न लागतो तोच पाठीला कडाडून मुंग्या डसल्या. उठून बघतो, तर झोपाळ्याच्या फळीवर खळीनं चिकटवलेली एक चिठ्ठी.

अक्षर माझंच. "उपयोग ठाऊक नाही. टाकून द्यावे."

त्यातलं "टाकून द्यावे" खोडलेलं होतं. खाली, तीस वर्षं पत्रांतून ओळखीच्या झालेल्या अक्षरात, दोनच शब्द. "असू दे."

ती चिठ्ठी मी अजून काढलेली नाही. तेव्हा तुम्ही त्या टोकाला बसू नका, मुंग्या आहेत.