हळदीकुंकू सोसणारी झडप

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी हिंगोलीत, शाळेत वह्या तपासत बसले होते. शोभावहिनी एवढंच म्हणाली, "ताई, तुमी या... हे उठूनच न्हाई राहिले." मी पुसेगावला पोचले तेव्हा अंगणात माणसं मावत नव्हती. महिना उलटला, तरी थोरल्या भावाविषयी 'होता' असं लिहिताना हात अडतो.

लोक त्याला हळदवाला म्हणत, पण हळदीचं एक रोपही त्याने कधी लावलं नाही. तो हळद शिजवायचा. नव्वदच्या दशकात त्याने गावात वेल्डिंगचं दुकान टाकलं. पुढे कढया मागे पडून वाफेचे कुकर आले, तेव्हा आमच्या भागातला पहिला त्यानेच बांधला. खाली भट्टी, वर पाण्याची बंद टाकी, टाकीतून नळीने वाफ हळदीच्या पिंपांत. आणि टाकीच्या माथ्यावर एक पितळी झडप. जाळ विझला की आतल्या वाफेचं पुन्हा पाणी होतं, टाकीत पोकळी पडते. तेव्हा ही झडप उघडून बाहेरची हवा आत घेते. दुकानदार तिला व्हॅक्यूम ब्रेकर म्हणत. मला तर ती टाकीची नथ वाटायची.

कुकरच्या पहिल्या वर्षीचा हंगाम गावातल्या कौसामावशींच्या हळदीने सुरू झाला. रिवाजाप्रमाणे त्यांनी कुकरची पूजा केली. सगळ्यात चकचकीत काय, तर झडप! मावशींनी तिलाच ओल्या हळदीकुंकवाचा घसघशीत लेप दिला. झडपेचं तोंड वरच्या बाजूला, ते पार बुजलं. संध्याकाळी भट्टीतला जाळ बाहेर ओढला, वाफेच्या नळीचे कॉक बंद केले. आम्ही चहा पीत होतो, तोच असा आवाज झाला की बैलांनी दावी तोडली. पाहतो तर ती लोखंडी टाकी तेलाच्या रिकाम्या डब्यासारखी आत चेपलेली. कुणी बोटही लावलं नव्हतं. दादा मात्र टाकीभोवती जत्रेत फिरावं तसा फिरत होता.

"बग सुमे, हवेनं केलं हे. आपण रोज हिच्यातूनच चालून राहिलो, अन् हिचा एवढा भार!"

मावशींची बाकीची हळद काढून पाल्याखाली झाकलेली होती. ती वाळली तर धड शिजणार नव्हती, वर्षाचं पीक मातीमोल. आपली कढईच बरी, असं गावात बोललं जाऊ लागलं. दादाने टाकी जोडली, पण झडप काही ठरेना. मावशी दारात येऊन बसल्या.

"कोन्तीबी बसव ना बाबा. काहून घोळ घालून राहिला? चूक माझी. म्या पूजाच न्हाई करत आता."

"पूजा काहून सोडता, मावशी? झडपच अशी पायजे की पूजा सोसंल."

मग वहिनीच्या चुलीवर झडपा शिजू लागल्या. बोअरच्या क्षाराच्या पाण्यात उकळायच्या, वाळवायच्या, पुन्हा उकळायच्या. स्प्रिंगवाली गंजली. रबरवाली तापून चिकटून बसली. "सांगून टाका, डाळ शिजवू का तुमचे वाल?" वहिनी करवादायची. दादा एकेक झडप तोंडाला लावून हवा ओढून पाही; नुसत्या ओठांच्या ओढीने उघडली तरच खरी. शेवटी टिकली ती बिनस्प्रिंगची. पितळी घर, आत आपल्याच वजनाने बसणारी स्टीलची गोळी, आणि हवा घ्यायचं तोंड खाली वळवलेलं. तिच्यावर त्याने स्वतः हळदीकुंकू थापलं, तांब्याभर पाणी ओतलं आणि ओढून पाहिलं. गोळी हलली.

मावशींनी पुन्हा पूजा केली, पहिल्यापेक्षाही घसघशीत. हळद शिजली, जाळ विझला आणि जमलेली माणसं चार पावलं मागे सरली. बऱ्याच वेळाने टिक् झालं, मग बारीक सुस्कारा... टाकी जशीच्या तशी. मावशींनी हात जोडले. आणि देवळाची पायरी न चढणाऱ्या माझ्या भावानेही जोडले! कुणाला, ते मी विचारलं नाही. त्या क्षणी मलाही जोडावेसे वाटले होते.

परवा वहिनीने त्याच्यामागे पहिल्यांदा कुकर पेटवला. जाळ ओढल्यावर आम्ही दोघी जवळच बसलो. खूप वेळ काहीच नाही. मग टिक्... आणि टाकीने हवा आत घेतली.

"त्या दिशी ह्यांच्या छातीला मी बी असंच कान लावून बसले व्हते, ताई," वहिनी म्हणाली. "गेलेला श्वास आता येईल, मंग येईल..."