कानाने लावलेला पीळ

त्यांना सगळे छर्रेकाका म्हणत. नाव पडलं चेष्टेने, पण इतकं अंगवळणी पडलं की नवं गिऱ्हाईकसुद्धा दारातून "छर्रेकाका आहेत का?" असंच विचारी. माणूस स्वभावाने गरीब. मुंगीवर पाय पडला असं वाटलं तरी दोन पावलं मागे येऊन बघणारा. आणि धंदा काय, तर बंदुकांचा. त्यांची बायको देवापुढे बसली की हात जोडून सांगे, "देवा, हे बंदुकीचं काम करतात खरं, पण ती नुसती हवेची आहे, एवढं ध्यानात असू दे."

हवेचीच होती. दारू नाही, धूर नाही. नळीखालच्या टाकीत हवा दाबून भरायची. चाप ओढला की तिच्यातली चिमूटभर सुटते आणि शिशाचा छर्रा पुढे ढकलते. कुणी असल्या बंदुकीने रिकामे डबे पाडतं, कुणी क्लबात कागदावर नेम धरतं. काकांचं काम तर सगळ्या बंदुकीचंही नव्हतं, तिच्यात बसणाऱ्या मॅगझिनचं होतं. दुकानात त्याला चकती म्हणत. बिस्किटाएवढी गोल, कडेने भोकं, प्रत्येक भोकात एक छर्रा. पोटात घड्याळातल्यासारखी स्प्रिंग. एक छर्रा गेला की स्प्रिंग चकतीला ढकलते, पुढचं भोक नळीच्या तोंडाशी येतं आणि चकती एका खिळ्याला टेकून थांबते. ऐकायला सोपं. पण भोक नळीसमोर केसभर इकडेतिकडे थांबलं तर शिशाचा तो मऊ जीव नळीत शिरतानाच खरवडतो, आणि खरवडलेला छर्रा कुठे जाईल ते त्याचं त्यालाच ठाऊक.

काकांनी ही चकती आधी पुठ्ठ्यावर काढली, मग पितळेत कातून बघितली, ती जड झाली म्हणून अॅल्युमिनियमवर आले. भोकांच्या कडा किती घासायच्या, झाकण किती जाड ठेवायचं, यावर त्यांनी जेवताना ताटात बोटाने रेघा ओढल्या आहेत. सगळी मापं कागदावर होती, एक सोडून. स्प्रिंगला पीळ किती द्यायचा हे ते कानाने ठरवत. चकती कानाशी धरायची, एक भोक पुढे सोडायचं. वाळकी काडी मोडावी तसा आवाज आला की पीळ बरोबर. मऊ आला तर अजून थोडा.

दुकानामागच्या लांबट खोलीत त्यांच्याकडे पाठ करून लेथवाला बसे. एका कोपऱ्यात हवा भरायचा कॉम्प्रेसर दिवसभर घरघरत असे. लेथवाला अधूनमधून ओरडून म्हणे, "अरे, पीळ मोजायला एक काटा करून देतो तुला. वजन टांगायचं, आकडा बघायचा, सुटलो."

"तू भाजीत मीठ वजन करून घालतोस का?" काका विचारत.

"मी भाजीच करत नाही."

"म्हणून तुला कळत नाही."

त्यांना एकच मुलगी. बाकाखाली खेळत वाढली, तेव्हा छर्र्याचं पोर म्हणून खोलीतल्या सगळ्यांची लाडकी. मोठी झाल्यावर क्लबात जाऊ लागली आणि तिथल्या कोचने तिचा डोळा ओळखला. तिचा खेळ होता पाच लोखंडी पट्ट्या पाडायचा. समोर ओळीने पाच पट्ट्या, हातात मोजके क्षण, एकामागून एक पाडायच्या. मध्ये छर्रा भरायला वेळच नाही, म्हणून चकती हवीच. बाकीच्या मुलींच्या चकत्या विकतच्या. हिची बापाने केलेली. काकांनी तिच्यासाठी एक वेगळीच घडवली, झाकणावर मागून तिच्या नावाचं पहिलं अक्षर कोरलेली. देवाने एवढी सुबक बोटं दिली त्याचं सोनं झालं, असं तेव्हा त्यांच्या बायकोलाही वाटलं.

पहिल्या वर्षी पोरीने पट्ट्या अशा पाडल्या की कोच काकांच्या पाठीवर थाप मारून गेला. मग कसं कोण जाणे, खेळ उतरायला लागला. तीन पडायच्या आणि चौथी जागच्या जागी उभी. कधी पहिलीच हुकायची. काका दर स्पर्धेआधी चकती उघडत, तेल पुसून काढत, पीळ पुन्हा लावून देत. हल्ली आवाज मऊ येतो, असं त्यांना वाटे. मग ते पीळ अजून थोडा वाढवत. घरी रेडिओही मऊ वाजायला लागला होता. माणसं तोंडातल्या तोंडात बोलायला लागली होती. काका त्याबद्दल माणसांनाच नावं ठेवत.

कोच एकदा अदबीनेच म्हणाला, "काका, एक दिवस दुसरी चकती लावून बघू या?" काका त्याच्याशी कितीतरी दिवस बोलले नाहीत.

निवड चाचणीच्या दिवशी मुलीच्या दोन पट्ट्या राहिल्या आणि संघातली जागा गेली. परतताना बसमध्ये ती खिडकीकडे बघत म्हणाली, "बाबा, क्लबातली चकती लावून बघायला हवी होती का?"

"काय म्हणालीस?"

तिने पुन्हा सांगितलं, मोठ्याने. पुढच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली.

"चकतीला काय झालंय?" काका म्हणाले. "चाप ओढताना हात हलतो तुझा. मी मागे उभा राहून बघत होतो."

हात हललेला त्यांना दिसलाही होता. दिसावंसं वाटलं की काय वाटेल ते दिसतं.

मुलगी काही दिवस क्लबात गेली, मग जाईनाशी झाली. तिला दातांच्या कवळ्या बनवायचं शिक्षण घ्यायचं होतं, प्रवेशही मिळत होता. ऐनवेळी नको म्हणाली. आईने कारण विचारलं तर म्हणाली, "बारीक काम आहे ते. माझा हात हलतो." आईने काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "तिला झेपेल ते करू दे." तिने तिकीट खिडकीवरची नोकरी धरली, लग्न झालं, जवळच घर घेतलं, मुलगा झाला. सगळं रीतसर. काकांच्या मनात सल होता तो एवढाच, की पोरीने हातातला खेळ घालवला.

आणि मग एका सुट्टीच्या सकाळी ते घरीच खिडकीशी बसून चकत्या जुळवत होते. आतल्या खोलीत बायको जप करत होती. थोड्या वेळाने ती माळ हातात तशीच धरून बाहेर आली.

"अहो, ती टकटक जरा थांबवा. माझी माळ चुकली."

"कसली टकटक?"

"तुमची. भिंतीत खिळे ठोकल्यासारखी चाललीय मघापासून."

काकांच्या हातातली चकती त्यांना जेमतेम ऐकू येत होती. ते तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बैस जरा."

"जप राहिलाय माझा."

"बैस. देव थांबेल."

ती बसली. त्यांनी स्प्रिंगचा पीळ थोडा उतरवला, एक भोक सोडलं. "आता?" "वाजतंय की." आणखी उतरवला. "आता?" "थोडं कमी." असं करत करत त्यांना काहीच ऐकू येईनासं झालं. चकती बोटांत नुसती हलल्यासारखी वाटत होती. तरीही त्यांनी पीळ आणखी उतरवला.

"हां," बायको म्हणाली, "आता कसं. पूर्वी वाजायचं तसं."

मग त्यांनी ते केलं जे आधीच करायला हवं होतं. नळीचा एक तुकडा घेतला, सैल केलेल्या चकतीतून एक छर्रा त्यात सारला, काडीने बाहेर काढला आणि भिंगाखाली धरला. सगळीकडून गोल, नितळ. तसाच एक कडक पिळाच्या चकतीतून काढला. त्याची एक कड नखाने खरवडावी तशी गेली होती. चकती खिळ्यावर इतक्या जोराने आपटत होती की तिरकी होऊन थांबत होती. त्यांनी कपाटातून मुलीची जुनी चकती काढली. तिच्यातून निघालेला छर्रा तर सगळ्यांत वाईट होता. तिच्यासाठी त्यांनी पीळ सर्वांत जपून लावला होता.

बायको शेजारी उभी राहून सगळं बघत होती. तिला भिंगातलं कळत नसे, नवऱ्याचा चेहरा कळे.

"आता काय करणार?"

"तिला सांगणार."

"सांगून तिला काय मिळणार आहे? तिचा संसार चाललाय. तुमचं ओझं उतरेल, ते तिच्या डोक्यावर जाईल." मग ती जरा मवाळ होऊन म्हणाली, "देवाला सांगा. तो सगळं ऐकून घेतो, कुणाला बोलत नाही."

"देवाचा हात हलतो असं मी म्हटलं नव्हतं," काका म्हणाले.

ती आत गेली आणि राहिलेला जप तिने मुलीच्या नावाने केला.

मुलगी आली तेव्हा काकांनी दोन छर्रे कागदावर ठेवून दिले होते. भिंग तिच्या हातात दिलं आणि सांगून टाकलं, आडपडदा न ठेवता. ती बराच वेळ भिंगातून बघत होती. एक छर्रा, मग दुसरा, पुन्हा पहिला.

"म्हणजे हात हलत नव्हता," ती म्हणाली.

"नव्हता."

"आणि तुम्ही मागे उभं राहून बघितलं ते?"

"बघितलं असं वाटलं मला."

तिने भिंग खाली ठेवलं. आता रागावेल, असं काकांना वाटलं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती थोडंसं हसली. "जाऊ द्या, बाबा. जुनी गोष्ट झाली. आधी जाऊन कान दाखवा. माझ्या घरी फोनवर तुमचा आवाज आला की शेजारी विचारतात, भांडण झालं का."

त्या दिवशी काका पोटभर जेवले. बायकोच्या पानातलं मात्र तसंच राहिलं.

कानाला यंत्र बसलं. पहिल्या दिवशी स्वतःच्या चपलांच्या आवाजाने ते दोनदा मागे वळून बघत होते. दुकानातला कॉम्प्रेसर असा अंगावर आला की ते दारातच थबकले. लेथवाल्याने मागे न वळताच विचारलं, "बसलं का यंत्र?"

"बसलं."

"वाईट झालं. इतकी वर्षं तुला खुशाल शिव्या देत होतो मी."

काका त्याच्या बाकाशी जाऊन उभे राहिले. "तो काटा करून देतो म्हणाला होतास."

लेथवाल्याने लेथ बंद केला. चेष्टा करायची संधी होती, पण त्याने केली नाही. "उद्या देतो," एवढंच म्हणाला. तेव्हापासून चकत्यांचा पीळ काट्यावर लागायला लागला. जुन्या गिऱ्हाइकांना बोलावून काकांनी त्यांच्याही चकत्या सैल करून दिल्या. बरीचशी डबे पाडणारी माणसं. त्यांना कधी फरक कळला नव्हता आणि आताही कळला नाही. ज्या एकीला कळला होता, तिचीच चकती परत मागणारं कुणी नव्हतं. कोचला काकांनी जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "मला शंका होती, काका. मी जोर धरायला हवा होता." काका म्हणाले, "तुम्ही म्हणाला होतात. मी ऐकलं नव्हतं. कान तेव्हा बरे असते तरी ऐकलं नसतं."

पुढे एका दुपारी मुलगी बाळाला घेऊन आली होती. काका बाहेरच्या खोलीत पडले होते. ते झोपले आहेत असं समजून स्वयंपाकघरात मायलेकी हलक्या आवाजात बोलत होत्या. चमचे, नळ, नातवाचं कुरकुरणं, सगळं काकांना वेगवेगळं ऐकू येत होतं, आणि त्याचं त्यांना अजून अप्रूप होतं.

"अगं, गालावर ओरखडा बघ केवढा काढलाय त्याने," आजी म्हणाली. "नखं वाढलीत पोराची. हे घे, काप."

"नको. हे येतील ना न्यायला, तेच कापतात."

"आता तर कळलं तुला, हाताला काही झालं नव्हतं म्हणून."

"कळलं गं." मुलीने नळ बंद केला. "बाबांना बोलू नकोस हं. ते छर्रे बघितले तेव्हा पटलं मला. पण एवढंसं बोट हातात धरलं की माझी बोटं थरथरायला लागतात. तेव्हा थरथरत नव्हती, आई. आता खरंच थरथरतात."

काकांचा हात यंत्राकडे गेला. काढून ठेवावं, असं वाटलं. मग ते उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

"ऐकलंत?" मुलीने विचारलं.

"ऐकलं."

"घ्या. म्हणजे या घरात आता हळू बोलायचीही सोय राहिली नाही." ती हसायला गेली, पण तिचं तिलाच जमलं नाही.

"मी त्याचा हात धरतो," काका म्हणाले. "घट्ट धरतो. तू काप."

तिने ओट्यावरच्या नेलकटरकडे बघितलं. हात पुढे नेला नाही.

"आज नको, बाबा."

"बरं."

त्यांनी नातवाला तिच्याकडून घेतलं, बाहेरच्या खोलीत आणून मांडीवर बसवलं आणि त्याच्या दोन्ही मुठी आपल्या हातांत मिटून धरल्या, गालाला लागू नयेत म्हणून. जावई येईपर्यंत ते तसेच बसून होते.