माझी कुत्री जयवंतीच्या कामाला लागली

मैत्रिणींनो, शाळा सुटली की बूट हातात घेऊन आपण चिंचणीच्या वाळूत धावायचो, आठवतं?

आज सकाळी तिथेच माझी कुत्री, ब्रूनो आणि राणी, धावत सुटली. माझं हृदय थकलंय, त्यामुळे मी चार पावलांतच खाली बसले. हाका मारल्या. दोघांनी वळून पाहिलं आणि सरळ बोंबील वाळत घालणाऱ्या जयवंतीकडे गेली. तिच्या मासळीवरचे कावळे हाकलू लागली!

"बाय, तुमी बसा आरामात. ती आता माज्याकडं कामाला हायत," ती हसली.

मी हसले, पण आतून जळले. वाढवलं मी, ऐकतात तिचं! तरी उद्याही मी त्यांना घेऊन तिथेच जाणार.

माझ्यानंतर दोघं जयवंतीकडेच जावीत. त्यांची गोधडी आणि भांडीही तिलाच द्या. गळ्यातले पट्टे मात्र माझ्या लेकीला. जयवंतीला ते लागत नाहीत.