कोपऱ्याचा प्लॉट

पप्पा वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झाले आणि त्याच आठवड्यात आमच्याकडे अनोळखी लोकांचे फोन सुरू झाले. त्यांच्या फंडाची रक्कम मला माहीत नव्हती. फोन करणाऱ्यांना होती. ही माहिती कोण विकतं, हा प्रश्न मी तेव्हाच विचारायला हवा होता. पण तेव्हा आम्ही सामान बांधत होतो. क्वार्टर सोडायचं होतं आणि जळगावात भाड्याच्या दोन खोल्यांत यायचं होतं.

पप्पांचा बेत साधा होता, फॅक्टरीतल्या चहाच्या सुट्टीत शिजलेला. आज गावाबाहेर एक प्लॉट घ्यायचा, चार-पाच वर्षं नुसता ठेवायचा, मग विकायचा आणि त्या पैशात जळगावात स्वतःचं घर. फंडात आज घर येत नव्हतं, प्लॉट येत होता. आईला हा बेत पसंत नव्हता. ती म्हणाली, "आयुष्यभर दुसऱ्याच्या भिंतीला खिळा ठोकायची परवानगी मागितली. आता जमीन घेऊन तिच्याकडे बघत बसायचं?" पण बोलून ती पुन्हा भांडी बांधायला लागली. पैसा एकदाच येणार होता आणि चुकला तर पुन्हा येणार नव्हता, हे तिघांनाही कळत होतं.

व्यवहार तपासायचं काम माझ्याकडे आलं. मी जमिनीच्या प्रश्नावर काम करणाऱ्या एका लहानशा संघटनेत आहे. पत्रकं लिहिते, छापून आणते, बसस्टँडवर वाटते, लोक त्यात भजी बांधून घेतात ते बघते. सातबारा मला वाचता येतो. म्हणून पप्पा म्हणाले, "तू पास म्हटलीस तर पास." ते इन्स्पेक्शन सेक्शनला होते. तयार मालाला मापाचं गेज लावायचे. बसला तर पुढे, नाही बसला तर बाजूला. मी त्यांचं गेज.

पहिले दोन माल मी झटक्यात बाजूला टाकले. आईच्या समाधानासाठी जळगावात एक जुना, स्वस्तातला फ्लॅट बघितला; तो दाखवणारा जिना चढता चढताच म्हणाला, "आडनाव काय म्हणालात?" मी म्हटलं, "सांगितलंच नाही अजून." सांगितल्यावर त्याला एकदम आठवलं की सोसायटीत नॉनव्हेज चालत नाही. आम्ही काय खातो हे आडनावात लिहिलेलं असतं का? दुसरा होता एका कॉम्प्लेक्समधला गाळा. "भाडेकरू तयार आहे, पहिल्या महिन्यापासून भाडं सुरू." मी शटरवरचा मोबाइल नंबर लावून पाहिला. भाडेकरू बिल्डरचा मेहुणा निघाला. विक्री झाली की तो गाळा सोडणार, हे त्यानंच बोलता बोलता सांगून टाकलं. त्या दिवशी घरी येताना मी स्वतःवर फार खूश होते. मला फसवणारा अजून जन्माला यायचाय, असं मी आईला म्हणालेसुद्धा.

तिसरा माल म्हणजे एक प्लॉट, पारोळ्याच्या पुढे, धुळ्याच्या बाजूला, हायवेपासून थोडा आत. चुन्याच्या रेघा मारलेलं शेत, दोन कमानी, एक फ्लेक्स. एजंट गाडीतून उतरून पुढे आला आणि पप्पांना हात जोडून म्हणाला, "जय भीम, नाना."

पप्पांचा चेहरा सैल झाला. माझा नाही झाला, हे मी इथे स्पष्ट लिहिते. हात जोडणारा आमच्यातला नव्हता, हे त्याच्या उच्चारावरून कळत होतं. त्यानं ते आमच्यासाठी पाठ केलं होतं. मी कागद मागितले. रस्ता कुठून, पाणी कुठून, बिनशेतीचा आदेश कुठे आहे, सगळं विचारलं. आदेश "प्रोसेसमध्ये" होता. सातबाऱ्याची झेरॉक्स दिली, तिची वरची पट्टी काळी आलेली. मी कुरकुरले. मग मालकाचं नाव वाचलं.

नाव आमच्यातलं होतं.

माझी चूक इथे झाली, आणि ती आमच्यासारख्यांनाच होण्यासारखी आहे. मी कागदात नेहमी तीच तीन-चार आडनावं शोधते. सावकाराचं, पाटलाचं, साखर कारखान्याच्या संचालकाचं. ती दिसली की माझं पेन उघडतं. आपल्यातलं नाव दिसलं आणि मला चक्क अभिमान वाटला. आपला माणूस हायवेलगतच्या जमिनीचा मालक आहे, विकतोय, कमावतोय. काळ्या पट्टीत काय असेल याचा विचार न करता मी पान उलटलं आणि पप्पांकडे बघून मान हलवली. पप्पांनी तिथेच विसार दिला. पावती झाली, कुलमुखत्यार म्हणून सही एजंटची.

साठेखत करायला आम्ही दहा दिवसांनी गेलो. धुळ्यात त्याचं ऑफिस आहे, काचेचं दार आणि आत एसी. त्यानं चहा मागवला आणि म्हणाला, "नाना, तुम्हाला कोपऱ्याचा प्लॉट देतो. दोन्ही बाजूंनी रस्ता. भाव पण जरा कमी करतो."

"आम्ही तर काही बोललोच नाही," पप्पा म्हणाले.

"असू द्या. घरची माणसं तुम्ही."

माझा चहा तिथेच थांबला. आमच्यासाठी न मागता कुणी भाव कमी केल्याचं मला आठवत नाही. भाजीवाली करत नाही, हा करतोय? मी म्हटलं, आज माझं पोट बिघडलंय, साठेखत पुढच्या आठवड्यात. पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. पोटाबद्दल त्यांनी काही विचारलं नाही.

खाली उतरून पहिल्याच ऑनलाइन सेवा केंद्रात मी गट नंबर दिला आणि स्वतः सातबारा काढला. काळ्या पट्टीतली ओळ आता स्वच्छ होती. भोगवटादार वर्ग-२. खाली इतर हक्कात लिहिलेलं: महार वतन.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिते. गावकीची कामं करायची, त्या बदल्यात आमच्या पणज्या-खापरपणज्यांना जमिनीचे तुकडे मिळाले. पुढे वतनं गेली, जमीन कसणाऱ्यांकडे राहिली. पण ती परस्पर विकता येत नाही, कलेक्टरांची परवानगी लागते. ही अट जमीन वाचावी म्हणून आहे. आणि ही अट असताना जमीन कशी जाते, यावर मी स्वतः पत्रक लिहिलंय. भाडेपट्टा सांगून मुखत्यारपत्र, मुखत्यारपत्रावर प्लॉट, प्लॉटवर लोकांची घरं, मग सगळेच कोर्टात. माझंच वाक्य आहे: "विकत घेणाऱ्यानेही विचारावे, हे माझ्या हाती कुणाच्या हातून आले?" मी विचारलं नव्हतं.

पप्पांना सांगितलं. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवून ती स्वतः वाचली. मग म्हणाले, "मालकाला भेटू."

सातबाऱ्यावरचा माणूस वारलेला होता. वस्तीच्या टोकाला त्याची बायको सापडली. ओट्यावर लसूण सोलत बसलेली, डोळ्याला जाड चष्मा. सगळे तिला अक्का म्हणत होते. तिची अहिराणी, आमच्या वरणगावकडची बोली वेगळी, पण कळत होतं.

"तुम्हीन बी पलाट देखाले उनात का?" तिनंच आधी विचारलं.

पप्पा म्हणाले, "अक्का, तुम्ही वावर विकलं ना?"

"कोन म्हने? वावर इकं नही आम्हीन. भाडाले दिन्हं. तो सांगे, पाच वरीस भाडं भेटी, मंग वावर तुमनंच."

"कागद आहे का काही?"

"बठ्ठा कागद त्यानाकडेच शेतस. जठे सांगं तठे आंगठा दिन्हा."

मी तिला समजावून सांगायला लागले. मुखत्यारपत्र म्हणजे काय, साठेखत म्हणजे काय, त्यानं कसं फसवलं. सभेत बोलते तसं बोलत होते. आवाज पण चढला असणार. तिनं लसणाची पाकळी खाली ठेवली.

"तुले वाचता येस ना?"

"हो."

"मंग तू काय वाचं?"

शेजारच्या दोन बायका हसल्या. मला वाचता येतं, ती अंगठेबहाद्दर, आणि तिच्या वावरातला तुकडा विसार देऊन धरला होता मी. पप्पांनी तिथे काहीच सांगितलं नाही, आपण कोण, कशाला आलो. निघताना फक्त म्हणाले, "अक्का, कुणी काही दिलं तरी आता अंगठा देऊ नका." ती म्हणाली, "आते काय राह्यनं?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा तो काचेचा दरवाजा. मी सातबारा टेबलावर टाकला. मला वाटलं तो घाबरेल, आवाज चढवेल, निदान एसी तरी बंद करेल. तो हसला.

"ताई, तुमचं पत्रक वाचलंय मी. दोनदा. चांगलं लिहिता तुम्ही."

"म्हणजे मी कोण ते तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. म्हणून तर कोपऱ्याचा दिला."

कोपऱ्याचा आणि पत्रकाचा संबंध मला लागेना. त्यालाच मग समजावून सांगायची हौस आली. "हे बघा, उद्या या जागेवर बोंब कोण मारणार? तुम्हीच लोक. पहिलं साठेखत तुमच्याच घराचं असलं, तर कोण कुणाविरुद्ध बोलणार? तुमचं पण भलं, माझं पण भलं. परवानगीचं बघतो मी, वर ओळख आहे. नाना, तुम्ही सांगा, वाईट काय आहे यात?"

भाव कमी का झाला, ते आता कळलं. तो प्लॉट विकत नव्हता, माझं तोंड विकत घेत होता, आणि वर कोपरा देऊन उपकार दाखवत होता. मी जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. संघटनेत शिकवलंय की छापील मजकुरात शिव्या नकोत.

त्यानं शांतपणे ड्रॉवर उघडला. "ठीक आहे. नको तर नको. विसार परत घ्या, पूर्ण, आत्ताच. ती पावती तेवढी द्या. विषय संपला."

पावतीवर त्याची सही होती, गट नंबर होता, मुखत्यार म्हणून त्याचं नाव होतं. अक्काकडे एक चिठोरं नव्हतं. या सगळ्या कारभारातला बाहेर आलेला एकच कागद तो. हे मला दिसत होतं. पण विसार माझ्या खिशातला नव्हता. पस्तीस वर्षं गेज लावून कमावलेल्या पैशातला होता, आणि घरी आई होती. मी गप्प राहिले. पत्रकात मी असं गप्प राहणाऱ्यांना बरंच काही म्हणते.

पप्पा म्हणाले, "पावती घरी राहिली."

पावती त्यांच्या शर्टाच्या खिशात होती. कापडातून दिसत होती. एजंटलाही दिसली.

"नाना, विचार करा. नंतर मी ओळखणार नाही."

"आत्ता तरी कुठे ओळखता?" पप्पा म्हणाले आणि उठले.

बाहेर रस्त्यावर मी म्हटलं, "पप्पा, पैसे घेऊन टाका. तक्रार मी तशीच करीन."

"कशाच्या जोरावर? तक्रारीसोबत काय जोडशील, तुझं पत्रक?"

आईला सांगायला आम्हाला दोन दिवस लागले. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दुसऱ्याचं वावर वाचवायला निघालात, छान. माझ्या घराचं काय?" तिचं म्हणणं खोटं आहे असं मी कुठल्या तोंडानं सांगू? उरलेला फंड बँकेत आहे. आम्ही अजून व्यवहार बघतो, पण आता मी कागद वरून वाचायला सुरुवात करते आणि नाव सगळ्यात शेवटी.

तक्रार दिली. पुन्हा वस्तीवर जाऊन लिहून घेतलेला अक्काचा अर्ज आणि पप्पांचा अर्ज, दोन्ही सोबत. जबाबाच्या दिवशी तहसीलमधला कारकून पप्पांना म्हणाला, "काका, जमीन तुमची नाही. साठेखत झालं नाही. तुमचा यात संबंध काय लिहू?"

पप्पा बाकावरच्या अक्काकडे हात करून म्हणाले, "लिहा, मी हिचं वावर हिला न विचारता विकत घ्यायला गेलो होतो."

कारकुनाचं पेन थांबलं. त्यानं माझ्याकडे बघितलं. "ताई, तुम्ही शिकलेल्या दिसता. जरा नीट शब्दांत सांगा ना. फसवणूक झालेला खरेदीदार, असं काहीतरी."

मला येत होतं. दोन मिनिटांत चांगला परिच्छेद करून दिला असता.

"ते म्हणाले तसंच लिहा," मी म्हटलं.

त्यानं लिहिलं. पप्पांनी ते चष्मा लावून पुरतं वाचलं, मग सही केली, आणि बाकावर अक्काच्या शेजारी जाऊन बसले. तिचा नंबर यायचा होता.