मिरचीच्या पुडीवरचा शिक्का

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. आज शेजारी लाल मिरची कुटताना ठसका लागला आणि केशोरी गावची ती बाई पुन्हा आठवली. गोंदियात माझं पाट्या रंगवायचं आणि शिक्के बनवायचं दुकान होतं. घरच्या तिखटाच्या पुड्यांवर मारायला तिला रबरी शिक्का हवा होता. "एकच मिरची काढा जी, दुरून ओळखू आली पायजे." मला कला दाखवायची होती, रुपयाएवढ्या जागेत मी मिरच्यांचं तोरण, उखळ, मोर आणि नक्षीदार अक्षरं कोंबली. महिन्याने ती पुड्या घेऊन आली. प्रत्येकीवर नुसता काळा डाग. "काऊन असं होऊन राहिलं, भाऊ? दुकानदार म्हणते, माल कोनाचा तेच समजत नाही. माहाच हात हालते का?" चूक माझ्या गिचमिड चित्राची होती, बारीक रेघांत शाई भरत होती, हे मला पाहताच कळलं. तरी म्हणालो, "हात स्थिर ठेवा, बाई." मग ती माझ्या बाकावर बसून, श्वास रोखून, रद्दीवर शिक्के मारत राहिली. पुढे तिने पुड्या विकणं बंद केलं आणि मिरची तशीच व्यापाऱ्याला देऊ लागली. त्या बाकावर तिच्या शेजारी बसून तेव्हाच खरं सांगायला हवं होतं, असं अजून वाटतं. यंदा तेच सांगायला केशोरीला गेलोही. तिने ओळखलं, पाणी दिलं आणि हसून म्हणाली, "माह्या हाताले तुमचा शिक्का जमलाच नाही जी." "बाई, तुमचा हात…" एवढंच बोललो आणि पाणी पिऊन उठलो.