तात्यांची आखणी आणि माझा चोवीस इंची

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. नाहीतर राहू दे, चहा प्या आणि घरी जा!

माझे सासरे, तात्या, पेणचे. उभं आयुष्य त्यांनी गणपतींचे डोळे आखले. गेल्या वर्षी परदेशातले फिल्मवाले त्यांच्या कारखान्यात शूटिंग करून गेले. मीही कंपनीत रजा टाकून तिथेच होतो. काय ते दिवस! कौलांतून ऊन उतरायचं, त्यात पांढरी धूळ तरंगायची, आणि शेकडो बिनडोळ्यांचे गणपती शांत बसलेले. कॅमेऱ्यापुढे सगळी कला मीच समजावून दिली, असं मी घरी परतल्यावर आमच्या सगळ्या अष्टमी गावाला सांगितलं. थोडं वाढवून. म्हणजे, बरंच!

यंदा तात्यांची नजर इतकी अधू झाली की ब्रश खाली ठेवावा लागला. ते आमच्याकडे राहायला आले आणि मागोमाग त्या फिल्मची ब्लू-रे डिस्क आली. तात्या माझ्या बायकोला म्हणाले, "सुनंदा, एकदा माझा हात मला नीट बघू दे गो. मग नाय दिसलं तरी चालंल."

आता सांगा, हे ऐकून कोण गप्प बसेल? मी कॉम्प्युटरला नवा ड्राइव्ह जोडला, डिस्क घातली. पडदा काळाकुट्ट! ड्राइव्ह विकणाऱ्या पेणच्या दुकानदाराला फोन लावला.

"साहेब, त्या डिस्कला कुलूप असतं. कोणी कॉपी करू नये म्हणून. तुमची वायर जुनी, मॉनिटर त्याहून जुना. तिचा त्यांच्यावर भरवसा नाय."

"अहो, मी तात्यांचा जावई आहे!"

"ते डिस्कला कसं कळणार?"

गणपती चार दिवसांवर आलेले. पेणला जाऊन नवी वायर आणि नवा मॉनिटर घेतला. खोका फाटका निघाला, म्हणून मागे उशी बांधली, वरून लाल रुमाल टाकला आणि एसटीत मांडीवर घेऊन बसलो. बाहेर हिरवी खाचरं, डोळ्यांपुढे तात्यांचा हात. मी पार तंद्रीत.

शेजारच्याने विचारलं, "केवढा हाय?"

"चोवीस इंची."

"आखणी कुणाची?"

माझ्या डोळ्यांपुढे काय चाललं होतं ते सांगितलंच आहे. "आमच्या तात्यांची!" मी म्हणालो.

त्याने हात जोडले. मागच्या बाईने जोडले. कंडक्टरने मला पुढची सीट मोकळी करून दिली. नागोठण्याला कोणीतरी "गणपती बाप्पा" म्हणालं आणि मी ओरडलो, "मोरया!" सवय हो, दुसरं काय?

शेजारचा माणूस नेमका अष्टमीचाच निघाला. त्याचा फोन माझ्याआधी घरी पोचला. दारात शेजारच्या काकू ताट घेऊन उभ्या. माझ्या पायांवर दूध-पाणी घातलं, मॉनिटरला ओवाळलं. "तात्यांच्या हातचा शेवटचा गणपती! संध्याकाळी सगळी दर्शनाला येतो."

पायांवर दूध पडल्यावर 'काकू, हा मॉनिटर आहे' असं कुणाच्या तोंडून निघेल? माझ्या तरी निघालं नाही.

संध्याकाळी अख्खी आळी घरात. हार, नारळ, सगळं! मी रुमाल काढला. आत काळी काच.

"अगो बाय! मूर्ती कुठं हाय?" काकू किंचाळल्या. मी सगळं कबूल केलं. आधी तात्याच हसले. "बसा आता सगळी. माझा हात तरी बघून जा."

नवी वायर लावली, डिस्क घातली. तिचा आमच्यावर भरवसा बसला! ब्रशचा एकेक केस दिसत होता. एक काळी रेघ हळूच उतरली आणि समोरच्या मातीला नजर आली. तात्या पडद्याला नाक लावून बसले होते. मला तर रडू फुटलं.

मग कॅमेरा हळूहळू बाजूला सरकला. गणपतींच्या रांगेच्या टोकाला, पोत्याला टेकून एक माणूस गाढ झोपलेला. तोंड सताड उघडं.

"सुनंदा, हे तुझेच ना गो? कला समजावणारे?" काकूंनी विचारलं.

सुनंदा माझ्याकडे वळून म्हणाली, "अहो, ते कुलूप तुमच्याच भल्याचं होतं. एवढी धावाधाव करून तुम्हीच उघडलंत."

तात्या मात्र पडद्यापुढून हलेनात. "माझी नजर गेली असं कोण म्हणतो?" ते आनंदाने ओरडले. "जावईबापूंची लाळसुद्धा दिसते मला!"