पोरीचा पगार

मिलमध्ये मागांच्या खडखडाटात वीस वर्षं काढल्यामुळे माझा मित्र कुजबुजला तरी चौकाला ऐकू जायचं. मिल बंद झाली, आवाज तसाच राहिला. घटस्फोटानंतर कोर्टाने मुलीसाठी ठरवलेल्या खर्चाला तो पगार म्हणायचा. “भिया, सात तारीख आली, पोरीचा पगार करायचाय!” हे तो मला गुपित म्हणून सांगायचा आणि पलीकडे पोहेवाला मान डोलवायचा.

कामगारांची पत्रकं मी लिहायचो, म्हणून खर्च कमी करून मागणारा त्याचा अर्जही मीच लिहिला : ‘आर्थिक परिस्थितीमुळे पूर्ण रक्कम देण्यास असमर्थ आहे.’

वाचून तो खो खो हसला. “अरे भिया, ही तर मिलच्या गेटवरची नोटीस! सेठकडे कधी लागलास?”

मी ओशाळलो. त्याच नोटिशीविरुद्ध मी चार पत्रकं काढली होती.

“त्यांनी माझा पगार बुडवला, म्हणून मी तिचा कापू? मैं क्या सेठ हूँ?”

अर्ज उलटा करून त्याने कोऱ्या बाजूवर माझ्याकडून लिहून घेतलं : ‘सायकल विकणे आहे.’

लिहायची तशी गरज नव्हती. त्याने मला ते हळूच सांगितलं होतं, आणि पोहेवाला सायकलची घंटी वाजवून बघत होता.